सफरचंदाचा माथा सपाट कापला, आता फळ कधी धरणार?

प्रश्न: तीन वर्षांपूर्वी आम्ही नॉटिंगहॅमजवळ घर घेतलं. मागच्या अंगणात ब्रॅमली सफरचंदाचं जुनं, पंचवीसेक फूट उंच झाड आहे. पहिल्या वर्षी पिशव्या भरभरून आंबट फळं मिळाली. कैरीच्या जागी तीच वापरून लोणचं घातलं, मेथांबा केला. दुसऱ्या वर्षी फारच थोडी फळं लागली. म्हणून गेल्या जानेवारीत बागकाम करणाऱ्या एकाला बोलावलं. त्याने वरच्या सगळ्या जाड फांद्या एका उंचीवर सपाट कापल्या. या वसंतात चार-दोन फुलोरे आले, फळ एकही धरलं नाही. कापलेल्या प्रत्येक टोकावर मात्र माणसाच्या उंचीचे सरळ फोक उभे आहेत. तो म्हणतो, येत्या जानेवारीत हे सगळे पुन्हा कापू. शेजारचे आजोबा म्हणतात, छाटणी उन्हाळ्यातच करायची असते. सासरे तासगावचे द्राक्षबागायतदार आहेत; त्यांच्या मते दाबून छाटल्याशिवाय फळ येत नाही. नक्की काय करावं? शिवाय एका फांदीची साल खचून भेगाळली आहे, तिचं काय?

उत्तर: ताई, सगळ्यात आधी ठाम सांगतो: येत्या जानेवारीत सगळे फोक कापू देऊ नका. तुमचं झाड वांझ झालेलं नाही. त्याचा माथा एकदम गेला, म्हणून ते सगळी ताकद लाकूड वाढवण्यात घालत आहे. पुन्हा तसंच कापलंत तर पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा एवढेच फोक येतील आणि फळ आणखी लांबेल. तीन हिवाळे आणि त्यांमधले उन्हाळे धीराने काम केलंत तर झाड पूर्ववत येईल. त्याआधीच, म्हणजे पुढचा एक वसंत सोडून त्यानंतरच्या वसंतात, बऱ्यापैकी मोहोर दिसायला हरकत नाही.

सासऱ्यांचं म्हणणं द्राक्षाच्या बाबतीत खरं आहे, म्हणून आधी तेच उलगडू. द्राक्षाचा घड त्याच हंगामात फुटलेल्या कोवळ्या फुटीवर येतो. ऑक्टोबरात काडी छाटली की डोळा फुटतो आणि घड घेऊनच बाहेर पडतो. त्यामुळे छाटणीने फळ आणलं असं वाटतं. पण तो घड त्या डोळ्यात आधीच बसलेला असतो. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर साधारण ४० ते ६० दिवसांत, नव्या काडीवर ऊन पडत असताना, सूक्ष्म घडनिर्मिती होते. काड्यांची गर्दी झाली, वेलीत सावली राहिली, की ऑक्टोबरात कितीही नेमकी छाटणी करा, डोळे वांझ निघतात. सासऱ्यांना हे आमच्यापेक्षा जास्त ठाऊक असेल.

सफरचंदातही फळाचा डोळा आदल्या हंगामात आणि उजेडातच तयार होतो. फरक लाकडाच्या वयाचा आहे. यंदा फुटलेल्या जोमदार फोकावर फक्त पानडोळे असतात. तो फोक दुसऱ्या वर्षात गेला की जून-जुलैच्या सुमारास त्याच्यावरच्या काही डोळ्यांचे फळडोळे होतात आणि ते तिसऱ्या वर्षाच्या वसंतात फुलतात. पुढे त्या जागी आखूड, गाठाळ फळकाट्या तयार होतात आणि वर्षानुवर्षं फळ देत राहतात. म्हणजे सफरचंदात कापल्यापासून फळापर्यंतचा हिशेब महिन्यांचा नाही, वर्षांचा आहे. गेल्या जानेवारीत माथा कापला तेव्हा या वसंतात फुलणारे फळडोळे त्या फांद्यांबरोबरच गेले. आता उभे असलेले फोक पुढच्या उन्हाळ्यात फळडोळे धरण्याच्या वयात येतील. त्यांनाच कापलं तर हा हिशेब पहिल्यापासून सुरू होतो.

ब्रॅमलीचा आणखी एक स्वभाव लक्षात ठेवायला हवा. ते काही फळं फळकाट्यांवर देतं आणि काही बारीक डहाळ्यांच्या अगदी टोकाला. अशा २०–२५ सेंटिमीटरपर्यंतच्या आखूड डहाळीच्या टोकाला पहिल्याच वर्षी फळडोळा बसू शकतो. सगळ्या डहाळ्यांचे शेंडे कातरून झाड नीटनेटकं केलं की ही फळं हातची जातात. ब्रॅमली छाटून सुंदर दिसतं पण फळत नाही, अशी तक्रार असते तिथे बहुतेक वेळा हेच घडलेलं असतं. फळडोळा ओळखायला सोपा आहे: तो फुगीर, बोथट आणि थोडा लवदार असतो. पानडोळा बारीक, टोकदार आणि डहाळीला चिकटून बसलेला असतो. डिसेंबरात पानं गळल्यावर एकदा झाडाखाली उभं राहून दोन्ही ओळखायला शिका, मगच कात्री हातात घ्या.

आता एवढे फोक आले कशामुळे? मुळं जुन्या माथ्याच्या मापाची आहेत. हिवाळ्यात झाडाचा अन्नसाठा मुळांत, बुंध्यात आणि जाड फांद्यांत असतो. तुमच्या माणसाने माथा काढला, पण साठा तसाच राहिला. वसंतात तो मोजक्या डोळ्यांत घुसला. त्यातच शेंडा गेल्यामुळे शेंड्याकडून खाली येणारं ऑक्सिन हे संप्रेरकही थांबलं. ते खालच्या डोळ्यांना दाबून ठेवतं. ते थांबल्यावर सालीखाली झोपलेले डोळेही जागे झाले. अशा उभ्या फोकांना आपल्याकडे संत्र्या-मोसंबीत पानसोट म्हणतात. वेगाने वाढणाऱ्या फुटीत जिब्रेलिन भरपूर असतं. सासरे द्राक्षाच्या घडांना जे जीए देतात, त्याच कुळातलं हे संप्रेरक, आणि सफरचंदात ते फळडोळा तयार होण्याच्या आड येतं. म्हणून उभा, जोमदार फोक वर्षानुवर्षं नुसता वाढू शकतो आणि आडवा केलेला फोक शांत होऊन फळाला लागतो. तुमच्या झाडावरचं पुढचं सगळं काम या एका गोष्टीवर आधारलेलं आहे.

छाटणीची वेळ हिवाळ्यातली की उन्हाळ्यातली, या वादात शेजारचे आजोबा आणि तुमचा माणूस दोघांचंही थोडं थोडं बरोबर आहे. ब्रिटनमध्ये मोकळ्या वाढलेल्या सफरचंदाची नेहमीची छाटणी नोव्हेंबर ते मार्चच्या सुरुवातीपर्यंत करतात. पानं नसल्याने फांद्यांची रचना दिसते, हा तिचा मोठा फायदा. पण हिवाळ्यात जितकं जास्त कापाल तितकी वसंतातली फूट जोरात येते, कारण साठ्याला हात लागलेला नसतो. मरगळलेल्या, वाढ थांबलेल्या झाडाला तेच हवं असतं. तुमच्या झाडाचा त्रास नेमका उलटा आहे. उन्हाळ्यात हिरवी पानं असलेला फोक काढला की त्या पानांनी पुढे साठवलं असतं ते अन्न कमी होतं, त्यामुळे पुढची फूट आवाक्यात राहते. उरलेल्या डोळ्यांवर ऊनही पडतं. पूर्ण उन्हाच्या तीस टक्क्यांहून कमी उजेड मिळणाऱ्या भागात सफरचंद फळडोळे जवळजवळ धरतच नाही. म्हणून तुमच्यासाठी मोठ्या फांद्यांचे निर्णय हिवाळ्यात आणि फोकांवरचा लगाम उन्हाळ्यात, अशी वाटणी ठेवा.

येत्या हिवाळ्यातलं काम जानेवारीअखेर ते फेब्रुवारीत करा. दोन-तीन दिवस पाऊस नसलेला कोरडा दिवस निवडा. कडाक्याचं गोठण असेल तर थांबा. पहिल्यांदा फक्त मेलेलं, रोगट आणि एकमेकांवर घासणारं लाकूड काढा. मग सपाट कापलेल्या फांद्यांच्या थोटकांकडे वळा. प्रत्येक थोटकावर दहा-पंधरा फोक असतील. त्यांतले बाहेरच्या दिशेने जाणारे, बुडाशी पक्के बसलेले आणि एकमेकांपासून अंतर राखून असलेले एक-दोन निवडून त्यांना रंगीत दोरा बांधा. हे त्या फांदीचे पुढचे शेंडे. उरलेल्यांपैकी सगळ्यात जाड, अगदी उभे आणि झाडाच्या पोटात शिरणारे फोक काढा, पण झाडावरच्या एकूण फोकांच्या साधारण एक तृतीयांशावर थांबा. बाकीचे तसेच राहू द्या. ते दिसायला विस्कळित दिसतील, तरी झाडाची ताकद वाटली जावी म्हणून यंदा ते हवे आहेत. जुन्या फांद्या आणि फोक मिळून एका वर्षात एकूण पर्णसंभाराच्या दहा ते वीस टक्क्यांपेक्षा जास्त जाऊ नये.

काढायचा फोक बुडापासूनच काढा. अर्ध्यावर कापला की कापाच्या खालचे तीन-चार डोळे फुटतात आणि एकाचे चार फोक होतात. छाटणीतली ही सगळ्यात जास्त होणारी चूक आहे. बुडापासून काढलेल्या जागी फूट कमी येते, उजेड मात्र आत शिरतो. ठेवलेल्या फोकांचेही शेंडे मारू नका, दोरा बांधलेल्यांचेसुद्धा नाही.

बोटाच्या जाडीपर्यंत सिकेटर चालतो, त्याहून जाड फोकाला लांब दांड्यांचा लॉपर आणि मनगटासारख्या फांदीला करवत. जाड फांदी एकाच कापात पाडू नका. ती वजनाने खाली जाताना बुंध्याची साल सोलत नेते. आधी बेचक्यापासून फूटभर बाहेर, खालच्या बाजूने एक तृतीयांश खोल काप घ्या. मग त्याच्या दोन-तीन सेंटिमीटर बाहेरून वरून कापून फांदी पाडा. उरलेलं थोटूक बुडाशी जिथे सालीची सुरकुतलेली, फुगीर कडी दिसते तिच्या लगेच बाहेर कापा. ती कडी शाबूत ठेवा. नवी साल तिथूनच वाढून जखम बुजवते. बुंध्याला लागून कापलं तर कडी जाते आणि जखम वर्षानुवर्षं उघडी राहते. लांब थोटूक ठेवलं तर ते वाळून कुजतं आणि कूज आत शिरते. महाराष्ट्रात आपण कापावर बोर्डो पेस्ट लावतो. इथे घरच्या बागेसाठी बोर्डो मिश्रण विकायला परवानगी राहिलेली नाही, आणि सफरचंदाच्या जखमेला रंग किंवा लेप लागतही नाही. बरोबर जागी आणि कोरड्या दिवशी घेतलेला काप झाड स्वतःच बंद करतं.

त्यानंतरचं काम फोक वाकवण्याचं. पेन्सिलपासून करंगळीएवढ्या जाडीचे, जिथे मोकळी जागा आहे तिथले फोक एप्रिल-मेमध्ये, रस चढून ते लवचीक झाल्यावर, हळूहळू खाली ओढून बांधा. ऑगस्टअखेरही हे जमतं. थंडीत मात्र फोक कडकन मोडतात. जमिनीला समांतर रेषेच्या साधारण ३० अंश वर टोक राहील एवढंच वाकवा. टोक त्याहून खाली गेलं की कमानीच्या सर्वांत उंच जागेचा डोळा फुटून तिथून नवा पानसोट सरळ वर जातो. बांधायला तार किंवा नायलॉनची दोरी नको, ती सालीत रुतते. जुन्या सुती साडीच्या दोन बोटं रुंद पट्ट्या यासाठी उत्तम. पट्टीचं दुसरं टोक जमिनीत ठोकलेल्या खुंटीला किंवा खालच्या जाड फांदीला बांधा. एक हंगाम गेला की लाकूड त्या वळणावर पक्कं होतं, मग पट्ट्या सोडा.

जून हा तुमच्या झाडाचा सगळ्यात महत्त्वाचा महिना. जुन्या कापांभोवती आणि थोटकांवर नवे फुटवे येतील. ते वीस ते तीस सेंटिमीटरचे, हिरवे आणि मऊ असताना बुडाशी धरून खाली झटका देत हातानेच उपटा. कात्रीने कापल्यावर बुडाशी जे डोळे उरतात ते उपटताना टाचेसकट निघून येतात, म्हणून तिथे पुन्हा फूट कमी येते. जुलैअखेरपर्यंत दर दोन-तीन आठवड्यांनी एक फेरी मारा. हे काम द्राक्षातल्या विरळणीसारखंच डोळ्यांचं आणि बोटांचं आहे. उन्हाळ्यात सासरे तुमच्याकडे येणार असतील तर त्यांच्याइतकं चांगलं ते कुणी करणार नाही. ऑगस्टमध्ये अजून जे उभे, जाड फोक आतल्या भागावर सावली धरत असतील त्यांतले काही बुडातून काढा. जूनमध्येच कात्रीने मोठी छाटणी केली तर त्याच हंगामात पुन्हा फूट येते. सप्टेंबरमध्ये केली आणि उशिरा फूट आलीच, तर ती कोवळी फूट थंडीत जळते. आणि झाडावर फळ असेल तेव्हा पानांचा लोभ ठेवा: एक फळ नीट पोसायला तीस ते चाळीस पानं लागतात. उन्हाळी छाटणी अति झाली की फळ लहान राहतं.

दुसऱ्या हिवाळ्यात पुन्हा एक तृतीयांश फोक कमी करा. सपाट कापलेली थोटकं तपासण्याची हीच वेळ. ज्या थोटकाचं टोक वाळत, कुजत चाललं असेल ते खालच्या एखाद्या चांगल्या बाजूच्या फांदीपर्यंत मागे आणा. ती फांदी मुख्य फांदीच्या जाडीच्या किमान एक तृतीयांश असावी. त्याहून बारीक असेल तर रस ओढून घेणं तिला झेपत नाही आणि त्या जागी पुन्हा पानसोटांचा झुबका येतो. झाडाची उंची कमी करायची तीही अशाच कापांनी, वर्षाला एक-दोन फांद्या इतकीच. तिसऱ्या हिवाळ्यात जे फोक फळडोळ्यांनी भरले नाहीत आणि जागाही अडवतात ते काढा. तोवर झाडाचा स्वभाव तुमच्या लक्षात आलेला असेल.

झाड कायमचं दहा फुटांवर ठेवायचा विचार मात्र सोडून द्या. कलमाचा खुंट झाडाचं माप ठरवतो. तुमचं जुनं झाड एम २५ किंवा त्यासारख्या जोमदार खुंटावर किंवा बियांच्या रोपावर बांधलेलं असणार. कितीही कापलंत तरी मुळं त्याला त्याच मापाकडे नेतील. आवाक्यातलं झाड हवं असेल तर एम २६ खुंटावरचं नवं कलम, आणि तेही या झाडाच्या जागेपासून लांब, लावणं हाच मार्ग.

खचलेल्या सालीबद्दल. तुम्ही लिहिलं आहे त्यावरून तो कँकर असण्याची शक्यता फार आहे. भेगांची वर्तुळं एकात एक दिसतात, मधली साल आत बसते, आणि हिवाळ्यात कडेला टाचणीच्या डोक्यासारखे लाल ठिपके येतात. ही बुरशी पावसाळी हवेत पसरते आणि पानगळीच्या खुणांतून व छाटणीच्या ताज्या कापांतून आत शिरते. कोरड्या दिवसाचा आग्रह म्हणूनच. फांदी बारीक असेल तर खचलेल्या भागाच्या किमान १५ सेंटिमीटर खालून, आतलं लाकूड स्वच्छ पांढरं दिसेल तिथे कापा. लाकडात तपकिरी डाग दिसला तर आणखी खाली या. फांदी जाड आणि महत्त्वाची असेल तर धारदार सुरीने तपकिरी साल आणि लाकूड निरोगी हिरव्या कडेपर्यंत खरवडून काढा. अशा प्रत्येक कापानंतर हत्याराला सर्जिकल स्पिरिट लावून पुसा. काढलेलं लाकूड झाडाखाली किंवा कंपोस्टमध्ये ठेवू नका. अंगणाचा तो भाग पाणथळ राहत असेल तर कँकर पुन्हा पुन्हा येतो, तेव्हा पाण्याला वाट करून द्या.

एक वर्ष भरपूर आणि एक वर्ष काहीच नाही, ही तुमची मूळ तक्रार. छाटणी तिच्यासाठीच केली होती, म्हणून हे नीट समजून घ्या. ब्रॅमलीत वर्षाआड फळण्याची खोड आहे. फळातल्या कोवळ्या बियाही जिब्रेलिन तयार करतात. झाड फळांनी लगडलं की जून-जुलैत पुढच्या वर्षाचे फळडोळे बसत नाहीत. यावर माथा कापणं हा उपाय नाही, फळांची विरळणी हा आहे. भरभरून फळ धरलेल्या वर्षी वाटाण्याहून थोडी मोठी फळं असतानाच सुरुवात करा. जूनमध्ये काही फळं आपोआप गळतात, त्यानंतर उरलेली नीट करा. प्रत्येक झुबक्यात एकच फळ ठेवा आणि दोन फळांत १५ ते २० सेंटिमीटर अंतर सोडा. वेडीवाकडी, कीड लागलेली, सावलीतली आधी काढा. हात जड होतो खरा, पण ही विरळणी लवकर झाली तरच पुढच्या वर्षाला तिचा उपयोग होतो. ऑगस्टमध्ये केलीत तर उरलेली फळं थोडी मोठी होतील इतकंच. पहिली तीन-चार वर्षं नव्या फोकांवर तर फळं आणखी विरळ ठेवा. जुन्या कापाच्या कडेला आलेला फोक आत खोलवर रुजलेला नसतो आणि ब्रॅमलीचं फळ वजनदार. पावसा-वाऱ्यात अख्खी फांदी उखडू शकते.

फुलं येऊन फळ धरलं नाही तर कारण वेगळं असतं, आणि तेव्हा छाटणीला दोष देऊ नका. या वसंतात तुमच्याकडे चार-दोन फुलोऱ्यांपलीकडे फुलंच नव्हती, म्हणून दोष कापण्याचाच आहे. पण पुढे कधी झाड पांढरं-गुलाबी फुललं आणि जूनपर्यंत रिकामं झालं तर दोन गोष्टी बघा. एक, मेमधलं उशिराचं हिम. ब्रॅमलीची फुलं त्याला लवकर बळी पडतात. दुसरी, परागण. साध्या सफरचंदात ३४ गुणसूत्रं असतात, ब्रॅमलीत ५१. त्यामुळे त्याचा पराग जवळपास निरुपयोगी. त्याला त्याच काळात फुलणारं दुसऱ्या जातीचं सफरचंद किंवा क्रॅब ॲपल (लहान फळांचं रानटी सफरचंद) आसपास लागतं. पहिल्या वर्षी तुम्हाला पिशव्या भरून फळं मिळाली, म्हणजे शेजारपाजारी असं झाड आहे. कुणी ते तोडलं तर मात्र लक्ष ठेवा.

खत देऊ नका. फोकांची वाढ थांबेपर्यंत नत्र म्हणजे पानसोटांना खाद्य, आणि हिरवळीला घालायचं खतही त्यात आलं. एरवी सफरचंदाच्या बुंध्याभोवतीचं गवत काढायला सांगतात. तुमच्या झाडाखाली दोन वर्षं गवत बुंध्यापर्यंत राहू द्या. ते नत्र आणि पाणी वाटून घेईल आणि झाड शांत व्हायला मदत होईल. फळं धरल्यावर मात्र उन्हाळ्यातल्या कोरड्या आठवड्यांत पाणी सलग द्या.

सलग पाणी का, तर पुन्हा फळू लागलेल्या झाडावर पहिल्या वर्षी फळं थोडी, मोठी आणि सालीखाली तपकिरी, कडवट ठिपक्यांची निघू शकतात. हा रोग नव्हे. फळाला कॅल्शियम पुरलं नाही की असं होतं. दाबून छाटलेल्या झाडात जोमदार पानं कॅल्शियम ओढून घेतात आणि फळं उपाशी राहतात. मातीत ओल कमी-जास्त होत राहिली की त्यात भर पडते. अशी फळं मार्चपर्यंत टिकवायला ठेवू नका. ठिपके कापून लगेच लोणच्याला किंवा मेथांब्याला घ्या. आंबटपणात काही फरक पडत नाही. वाढ शांत झाली की हा त्रास कमी होतो.

झाडाच्या चिवटपणाबद्दल शंका असेल तर साउथवेलकडे बघा, तुमच्यापासून फार लांब नाही. तिथल्या एका बागेत १८०९ मध्ये मेरी ॲन ब्रेल्सफोर्ड या मुलीने लावलेल्या बियांतून पहिलं ब्रॅमली उगवलं. पुढे ज्याच्या मालकीच्या घरात ते होतं त्या मॅथ्यू ब्रॅमलींचं नाव फळाला मिळालं. १९०० च्या सुमारास ते झाड वादळात आडवं झालं, आणि आडव्या पडलेल्या फांदीने मुळं धरून ते पुन्हा उभं राहिलं.

काम दुसऱ्याकडून करून घ्यायचं असेल तर आधी कौन्सिलकडे विचारून घ्या, झाडावर संरक्षणाचा आदेश आहे का किंवा घर संरक्षित परिसरात येतं का. तसं असेल तर कौन्सिलला विचारल्याशिवाय करवत लावू नये. मार्च ते ऑगस्टमध्ये फांद्यांत घरटं दिसलं तर पिल्लं उडेपर्यंत ती बाजू सोडा. वापरातलं घरटं मोडणं इथे कायद्याने गुन्हा आहे. येणाऱ्या माणसाला ‘झाड छाटा’ एवढंच सांगू नका. कोणते फोक जायचे त्यांना आदल्या दिवशी तुम्हीच खडूने खूण करा, शेंडे कुठेही मारायचे नाहीत हे लेखी द्या, आणि पहिल्या फांदीचं काम झाल्यावर खाली उभं राहून बघा. कडी शाबूत नसेल किंवा थोटूक राहिलं असेल तर तिथेच थांबवा. स्वतः करणार असाल तर शिडीवर चढून करवत चालवू नका. जमिनीवर उभं राहून लांब दांड्याच्या करवतीने पोचेल तेवढंच करा आणि वरचं प्रशिक्षित वृक्षतोड्यावर सोपवा. शेंड्याकडच्या चार फांद्या राहून गेल्या तरी यंदा काही बिघडत नाही.